टाकीत ओतायच्या बाटल्या: मालवणच्या गॅरेजातल्या नोंदी

१८ मे २०२५

कोल्हापूरहून महिन्याला फेरी मारणारा एजंट आज नवा खोका घेऊन आला. आत पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या, तीन जातींच्या. एकीवर 'इंजिन क्लीनर', दुसरीवर 'ऑक्टेन बूस्टर', आणि तिसरीवर नावापेक्षा मोठ्या अक्षरांत 'ॲव्हरेज वाढवा'. "मेस्त्री, आता पंपावर वीस टक्के इथेनॉल आलंय. गिऱ्हाईक आपणहून मागतंय. ठेवा तुम्ही, पैसे विकल्यावर द्या."

मागतंय हे खोटं नाही. तारकर्लीच्या वहिनींच्या भाड्याच्या स्कूटर आमच्याकडे असतात, त्यांनी गेल्याच आठवड्यात विचारलं होतं. डॉल्फिन दाखवायला पर्यटक घेऊन जाणाऱ्या बोटवाल्या काकांनी तर विचारायचीही वाट बघितली नाही, एक बाटली आउटबोर्डच्या, म्हणजे बोटीच्या मागे लावलेल्या इंजिनाच्या, टाकीत ओतून मोकळे. काय फरक पडलो, म्हटलं, तर म्हणतात, "आवाज बरो येता."

फळीवर मांडण्याआधी आपणच बघू असं ठरवून ही वही घातली. दोनच गोष्टी तपासायच्या. बाटलीने इंजिनाचं काही बिघडतं का, आणि दिलेल्या पैशातलं काही परत येतं का. हाताशी वहिनींच्या स्कूटर आहेत, अर्ध्या जुन्या कार्बोरेटरच्या आणि अर्ध्या २०२० नंतरच्या, इंजेक्शनच्या. शिवाय काकांचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड आणि भाच्याची रोज कुडाळला जाणारी स्कूटर. डिझेल या वहीत नाही, त्याचं शास्त्र वेगळं.

२५ मे

पावसाने यंदा सगळ्यांनाच गाठलं. हवामान खात्याने आज मान्सून महाराष्ट्रात आल्याचं जाहीर केलं आणि त्याची रेषा देवगडावरून काढली, म्हणजे आपल्या शेजारून. काकांची बोट पोरांनी घाईघाईत वर ओढली. पर्यटकही आटोपले, वहिनींच्या बऱ्याच स्कूटर आता गणपतीपर्यंत पडवीत उभ्या राहणार.

तेव्हा पहिली चाचणी आपसूक मिळाली. एकाच वयाच्या तीन कार्बोरेटरवाल्या स्कूटर बाजूला काढल्या. पहिलीची टाकी रिकामी केली आणि फ्लोट बाऊलच्या, म्हणजे कार्बोरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीच्या, तळाचा स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोलही काढलं. दुसरीत ताजं पेट्रोल गळ्यापर्यंत भरून त्यात स्टॅबिलायझर, म्हणजे पेट्रोल टिकवायचं औषध, घातलं आणि इंजिन थोडा वेळ चालू ठेवलं. ते चालवावंच लागतं, नाहीतर औषध टाकीत राहतं आणि कार्बोरेटरात जुनंच पेट्रोल. तिसरी जशी आली तशी, अर्ध्या टाकीने उभी केली.

स्टॅबिलायझर एजंटच्या खोक्यात नव्हतं, मुद्दाम मागवलं. पेट्रोल पडून राहिलं की त्यातला हलका भाग आधी उडून जातो आणि उरलेल्या भागाचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ धरते. आयडलिंगच्या जेटचं भोक टाचणीच्या टोकाहून बारीक, ते सगळ्यात आधी बुजतं. स्टॅबिलायझरमधलं अँटिऑक्सिडंट हा संयोग लांबवतं. मात्र ताज्या पेट्रोलमध्येच. आंबट वास यायला लागलेल्या पेट्रोलला कुठलीच बाटली परत ताजं करत नाही, आणि बाटलीवर तसं लिहिलं असेल तर तिथेच ठेवून द्यावी.

३ जून

दिवसभर पाऊस, गिऱ्हाईक नाही. बाटल्यांचे कागद घेऊन बसलो. लेबलवर काहीच नसतं, म्हणून एजंटला फोन करून प्रत्येकीची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे आत काय घातलंय त्याचा कागद, व्हॉट्सॲपवर मागितली. आधी तो म्हणाला, असलं कोणी मागत नाही. दोन दिवसांनी पाठवली.

ॲव्हरेजवाल्या बाटलीत जवळजवळ सगळं रॉकेलच्या जातीचं द्रावण, वर थोडा रंग आणि 'गोपनीय मिश्रण'. संपलं. बूस्टरमध्ये फेरोसिन, म्हणजे लोखंडाचं संयुग. क्लीनरमध्ये पॉलिईथरअमाइन. हे नाव वाचल्यावर मात्र मी सरसावून बसलो, कारण या सगळ्या धंद्यात खरोखर काम करणारं एखादं रसायन असेल तर ते हेच.

पेट्रोल इंजिनात इनटेक व्हॉल्वच्या पाठीवर, इंजेक्टरच्या तोंडाशी आणि ज्वलनकक्षात काळं कठीण किटण बसत जातं. पॉलिईथरअमाइनच्या रेणूचं नायट्रोजनवालं टोक त्या किटणाला धरतं आणि बाकीचा भाग पेट्रोलमध्ये विरघळून त्याला सोडवून नेतो. वर उष्णतेत टिकतं, म्हणून ज्वलनकक्षापर्यंत काम करतं. त्याआधीची पॉलिआयसोब्यूटिलीन अमाइनच्या जातीची रसायनं व्हॉल्व साफ ठेवायची, पण ज्वलनकक्षात स्वतःच थोडं किटण सोडायची. शेव्हरॉनचं टेक्रॉन गाजलं ते पॉलिईथरअमाइनवरच.

यात बाटलीवाल्यांपेक्षा पेट्रोलवाल्यांचाच भाग मोठा आहे. अमेरिकेत १९९५ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या पेट्रोलमध्ये किमान इतकं तरी डिटर्जंट असायलाच हवं असा नियम आहे. ते किमान प्रमाण पुरत नाही म्हणून २००४ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स, होंडा आणि टोयोटा या गाड्या बनवणाऱ्यांनीच मिळून 'टॉप टियर' नावाचं वरचं मानक काढलं. तिथल्या वाहनचालकांच्या ट्रिपल ए या संस्थेने २०१६ मध्ये दोन्ही तऱ्हेच्या पेट्रोलवर इंजिन चालवून पाहिलं, तर साध्या पेट्रोलने इनटेक व्हॉल्ववर सरासरी १९ पट जास्त किटण बसलं. म्हणजे डिटर्जंट ही थाप नव्हे. आपल्याकडे पंपावर जे जास्त भावाचं, ब्रँडचं नाव लावलेलं पेट्रोल मिळतं त्यातही असंच मिश्रण घातलेलं असतं. अधूनमधून एखादी टाकी त्याची भरली तरी बाटलीचंच काम थोड्या प्रमाणात होतं.

एक पोटनोंद, गाडीवाल्यांसाठी. नव्या बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरात उडवलं जातं. तिथे इनटेक व्हॉल्ववर पेट्रोल पडतच नाही, तर टाकीत ओतलेलं क्लीनर त्याला धुणार कुठून? इंजेक्टरला उपयोग होईल, व्हॉल्वला नाही. स्कूटरला ही अडचण नाही, तिचं इंजेक्शन व्हॉल्वच्या आधी असतं.

१४ जून

आचऱ्याहून एक बाईक ढकलत आणली. चढावर भडभडते, सपाटीला ठीक. प्लग काढला आणि बघतच राहिलो. पांढऱ्या चिनी मातीचा भाग खालपासून वरपर्यंत जांभ्याच्या धुळीसारखा लाल. काजळीचा काळा नाही, तेलाचा ओला नाही, कोरडा लाल लेप. नखाने खरवडला तर पावडर निघते, पुसून जात नाही.

मालकाला विचारलं, पेट्रोलमध्ये काय घालतोस? हायवेवरच्या एका दुकानातून ऑक्टेन बूस्टर, दर टाकीला, न चुकता. बाटली डिकीतच होती. फेरोसिन.

लोखंडाचं संयुग जळलं की लोखंडाचा ऑक्साईड होतो, म्हणजे गंजच. तो प्लगवर बसतो आणि तापला की वीज वाहून नेतो. मग ठिणगी टोकाला पडायच्या ऐवजी लेपावरून उतरते. सपाटीला दाब कमी, तेव्हा भागतं. चढावर मूठ पिळली की भडभड. नवा प्लग घातला, बाईक नीट. जुना प्लग काचेच्या डबीत घालून काउंटरवर ठेवला आहे. कोणी बूस्टर मागितलं की डबी पुढे सरकवायची.

हे सगळं शिशापासून सुरू झालं. जनरल मोटर्समध्ये थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये सापडलं की टेट्राइथाइल लेड हे शिशाचं संयुग घातल्यावर इंजिन ठोकत नाही, म्हणजे पेट्रोल आत अवेळी आपोआप पेटून ठकठकत नाही. पुढची कित्येक दशकं जगभर तेच चाललं आणि शिसं लोकांच्या रक्तात उतरत राहिलं. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसंविरहित पेट्रोल सगळीकडे आलं. गाड्यांसाठीचं शिसं घातलेलं पेट्रोल सगळ्यात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये बंद केलं. शिसं गेल्यावर त्या जागी मँगनीज आलं, लोखंड आलं. धातू कुठलाही असो, तो जळून नाहीसा होत नाही. राख प्लगवर, व्हॉल्ववर, ऑक्सिजन सेन्सरवर आणि सायलेन्सरातल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसते. बीएस सहाच्या, म्हणजे २०२० नंतरच्या, स्कूटरचा कन्व्हर्टर बदलायची किंमत ऐकून माणूस बूस्टरचं नाव काढणार नाही.

बरं, ऑक्टेन वाढवून स्कूटरला मिळतं काय? ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटण्याला पेट्रोल किती दाद देत नाही, त्याचं ते माप. बीएस सहाच्या साध्या पेट्रोलला ९१ लागतं आणि वीस टक्के इथेनॉलवालं ९५ पर्यंत जातं, कारण इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेनच जास्त. ९१ वर न ठोकणाऱ्या इंजिनाला ९५ आयतं मिळतंय, आणि लोक त्यावर आणखी बाटली ओततात. बाटलीवर लिहिलेल्या 'पाच पॉइंट' वाढीचीही गंमत आहे. या धंद्यात पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा दहावा हिस्सा. पाच पॉइंट म्हणजे अर्धा ऑक्टेन.

२२ जून

डांबर गोळ्या. हा विषय निघतोच, आज एका रिक्षावाल्या काकांनी काढला. "आमी टाकूंव, तेवा पिकअप इलो." पूर्वीच्या गोळ्या नॅफ्थलीनच्या, त्याचं ऑक्टेन बरं असतं हे खरं. पण ते ८० अंशांच्या आसपास वितळणारं घन. पेट्रोल उडून गेलं की जेटमध्ये खडे धरून बसतं. आताच्या बऱ्याच गोळ्यांत तर क्लोरीन असलेलं पॅराडायक्लोरोबेंझीन असतं. ते जळलं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, आपल्याच सिलिंडरात. ॲसिटोनही तसंच, रबर आणि रंग खातं. गोळ्या कपाटात बऱ्या.

६ जुलै

आजचा दिवस पाण्याचा. खरं तर या किनाऱ्यावर पेट्रोलचा मुख्य शत्रू हाच.

लॅबच्या दुकानातून शंभर मिलिलिटरची मापनळी आणली. आधी दहा मिलिलिटर पाणी, त्यावर शंभरच्या खुणेपर्यंत पंपाचं पेट्रोल. बूच लावून हलवलं, मध्ये एकदा वाफ सोडली, ठेवून दिलं. (पडवीत, मोकळ्यावर, जवळपास बिडी ओढणारा कोणी नाही हे बघून.) थोड्या वेळाने दोन थर स्पष्ट झाले. खालचा थर दहावर नव्हता, अठ्ठावीसच्या किंचित खाली होता. नव्वद मिलिलिटर पेट्रोलमधलं अठरा मिलिलिटर इथेनॉल पाण्याने खाली ओढून घेतलं होतं. वीस टक्के म्हणजे वीस टक्के, पंपाचा माल चोख आहे.

भाच्याने लगेच विचारलं, मग असंच धुऊन इथेनॉल काढून टाकूया की! नाही. वर उरलेलं पेट्रोल हे इथेनॉल मिसळणार असं धरूनच बनवलेलं असतं. इथेनॉल गेलं की त्याचं ऑक्टेनही जातं, मग मात्र इंजिन खरोखर ठोकेल. आणि खालचं मद्यार्कमिश्रित पाणी ओतणार कुठे, विहिरीत?

दुसरी चाचणी ड्रॉपरने केली. स्वच्छ पेट्रोलमध्ये थेंब थेंब पाणी. आधी काहीच दिसत नाही, पाणी इथेनॉलसोबत विरघळून जातं. मग पेट्रोल गढूळ होतं, आणि एका थेंबाला एकदम तळाशी वेगळा थर पडतो. दहा टक्केवालं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी धरतं, वीस टक्केवालं त्याहून जास्त. म्हणजे दमट हवेने जे थोडं पाणी टाकीत येतं ते रोजच्या गाडीत सहज जळून जातं, त्याची धास्ती नको. थर पडतो तो झाकणाचं रबर गेलेलं असताना पावसात गाडी उभी राहिली की. वहिनींच्या दोन स्कूटरची रबरं आजच बदलली.

आता 'वॉटर रिमूव्हर' नावाची बाटली. आत आयसोप्रोपाइल अल्कोहोल. जुन्या, इथेनॉल नसलेल्या पेट्रोलच्या काळात यात तथ्य होतं, थोडं पाणी अल्कोहोलमध्ये मिसळून जळून जायचं. आजचा हिशेब करा. पाच लिटरच्या टाकीत एक लिटर इथेनॉल आधीच आहे. त्यात पन्नास मिलिलिटर अल्कोहोल घालून काय मोठं होणार? थर पडलेल्या मापनळीत बाटलीच्या प्रमाणात ओतून पाहिलं. थर तसाच राहिला. टाकीत थर पडला की टाकी काढायची, रिकामी करायची, पुसायची. बाटली नाही.

काकांना हे मुद्दाम बोलावून दाखवलं. त्यांचं टू-स्ट्रोक, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. थर पडला तर तेल वरच्या पेट्रोलसोबत राहतं आणि बोटीच्या टाकीतली नळी तळातून खेचते. म्हणजे इंजिनात जाणार पाणी आणि इथेनॉल, तेलाशिवाय. पिस्टन धरायला वेळ लागत नाही. काका मापनळीकडे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "ह्यां आधी कोणी सांगूक नाय." मग मीही सांगून टाकलं की अमेरिकेत दहा टक्क्यांपेक्षा जास्त इथेनॉल असलेलं पेट्रोल बोटीच्या इंजिनात घालायला बंदीच आहे. आपल्या पंपावर तर वीसच मिळतं.

९ ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा झाली, बंदरावर नारळ सोडून सगळे परत कामाला. पडवीतल्या तिन्ही स्कूटर बाहेर काढल्या.

रिकामी ठेवलेली: ताजं पेट्रोल, चोक, काही किका, चालू. स्टॅबिलायझरवाली: चालू, आयडलिंग स्थिर. बाऊल उघडला तर पितळ स्वच्छ, तळाला किंचित पिवळसर झाक. तशीच ठेवलेली: चोकवरच चालते, चोक सोडला की बंद. बाऊलच्या तळाशी जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी, जेटच्या पितळेला हिरवट डाग, पायलट (आयडलिंगच्या) जेटमधून उजेड दिसत नव्हता. गिटारच्या बारीक तारेने मोकळा केला, क्लीनर स्प्रे मारला, तेव्हा लागली.

स्टॅबिलायझर काम करतं, यात शंका नाही. पण एक पैसा खर्च न करता रिकामी ठेवलेलीही तितकीच बरी निघाली. म्हणून वहिनींना सांगितलं, पुढच्या पावसाळ्यात कार्बोरेटरवाल्या रिकाम्या करा. पत्र्याची टाकी रिकामी ठेवली तर आतून गंज धरते, तिला मात्र गळ्यापर्यंत भरून स्टॅबिलायझर घाला. इंजेक्शनवाल्यांना बाऊलच नाही, त्या अधूनमधून चालू केल्या की पुरे.

२३ ऑगस्ट

चतुर्थी चार दिवसांवर. चाकरमानी यायला लागले, सगळ्यांच्या तोंडी एकच: इथेनॉलने ॲव्हरेज पडलं, काय टाकू?

पडतं, पण किती? इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की बिनइथेनॉलसाठी घडवलेल्या आणि दहा टक्क्यांला जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज वीस टक्क्यांवर ६ ते ७ टक्के घटेल, दुचाकीचं ३ ते ४ टक्के. म्हणजे ४५ देणारी स्कूटर ४३ च्या वर कुठेतरी. ही घट ऊर्जेचीच आहे. बाटलीतले चार चमचे रॉकेल ती ऊर्जा आणणार कुठून?

तरी भाच्याच्या स्कूटरवर ॲव्हरेजवाली बाटली लावून पाहिली. तो रोज चौक्यावरून कुडाळला जातो, तोच रस्ता, तेच वजन, म्हणून तो निवडला. भाड्याच्या स्कूटरवर हे मोजणं फुकट, एक पर्यटक तारकर्लीत आरामात फिरतो आणि दुसरा तीच गाडी पिळत देवगडला नेतो. टाकी दर वेळी एकाच पंपावर, एकाच खुणेपर्यंत. काही टाक्या बाटलीसह, काही बाटलीविना, आणि कुठली कोणती ते त्याला सांगितलं नाही. आकडे एकमेकांत असे मिसळले की वेगळे काढता येईनात. मधल्या एका टाकीला मात्र ॲव्हरेज चांगलं वाढलं. भाचा खूश. विचारलं तर त्या आठवड्यात त्याने मागच्या चाकात हवा भरली होती.

पैशाचा हिशेब तर बाटली न उघडताच होतो. पाच लिटरला एक बाटली, ६० रुपये. लिटरला १२ रुपये जादा. पेट्रोल १०५ धरलं तर खर्च साडेअकरा टक्के वाढला. ४५ च्या स्कूटरने ५० पेक्षा जास्त द्यायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी. फायदा त्याच्या पुढे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभरावर साधनं आणि औषधं तपासली, त्यात ॲव्हरेज ठळकपणे वाढवणारं एकही सापडलं नाही, असं तिथलं ग्राहकांचं खातंच सांगतं. आणि पर्यावरण खात्याकडे 'नोंदणीकृत' असं बाटलीवर दिसलं तर भुलू नये. नोंदणी म्हणजे शिफारस नव्हे.

२ सप्टेंबर

काल सुप्रीम कोर्टाने बिनइथेनॉलचं पेट्रोलही पंपावर ठेवा अशी मागणी करणारी याचिका फेटाळली. म्हणजे आहे त्यातच निभवायचं. दुपारी एजंटचा फोन, बातमी वाचली का म्हणून. त्याला त्यात धंदा दिसला.

१४ सप्टेंबर

आता त्या एका बाटलीचा निकाल, जिच्यावर माझा थोडा विश्वास होता.

वहिनींची एक इंजेक्शनवाली स्कूटर, बरीच चाललेली. सिग्नलला थांबली की आयडलिंग वरखाली, सकाळी मूठ पिळली की क्षणभर अडखळते. प्लग, एअर फिल्टर, टॅपेट सगळं आधी बघून घेतलं. ते न बघता क्लीनर ओतणं म्हणजे फुकटचा खर्च. मग थ्रॉटल बॉडी उतरवली आणि मोबाइलला जोडायचा स्वस्तातला कॅमेरा इनटेकमधून आत घातला. व्हॉल्वच्या पाठीवर काळं, खडबडीत, भेगाळलेलं किटण. दांड्याभोवती जाड, कडेला पातळ. फोटो काढून ठेवले.

पॉलिईथरअमाइनवालं क्लीनर बाटलीवरच्या प्रमाणात, भरल्या टाकीला. प्रमाण वाढवून जास्त साफ होत नाही, उलट जास्तीचं न जळता तेलात उतरतं. म्हणूनच हे काम तेल बदलायच्या आधी करायचं, नंतर नाही. टाकी जवळजवळ संपेपर्यंत भाच्याला कणकवलीच्या बाजूला लांब फेऱ्या मारायला लावल्या, कारण गल्लीतल्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही.

परत कॅमेरा. जिथे पेट्रोलचा फवारा थेट पडतो तिथे धातू दिसायला लागला होता, राखाडी, ओलसर चकाकी. दांड्याभोवतीचं जाड किटण तसंच, फक्त कडा झिजलेल्या. अडखळणं गेलं. आयडलिंग बरंच स्थिर, पूर्ण नाही. दुसरी टाकी टाकली तर दांड्याभोवतीचंही थोडं उतरलं. ॲव्हरेज जिथे होतं तिथेच. साफ इंजिन जास्त चांगलं चालतं, कमी पितं असं काही दिसलं नाही.

तेव्हा, लक्षण असेल तर ही बाटली, तेल बदलायच्या आधी, आणि मग बराच काळ नाही. प्रत्येक टाकीला हे ओतणारा माणूस तिथे नसलेलं किटण धुतोय.

१२ ऑक्टोबर

पर्यटकांचा हंगाम सुरू. काकांच्या आउटबोर्डचं काम. टाकीपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी दाबून पाहिली तर आतून फुगलेली, मऊ. हाताने दाबायचा पंपाचा फुगा मात्र कडक झालेला. इथेनॉलने जुन्या रबराचं असं होतं. काकांनी विचारलं, रबर वाचवणारी बाटली मिळते म्हणे? मिळते. वीस टक्के इथेनॉल त्याच टाकीत असताना ती रबराला काय वाचवणार? इथेनॉलला टिकणारी नळी, नवा फुगा, आणि मधे पारदर्शक वाटीचा पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवला. वाटीत पाणी दिसलं की देवबागच्या संगमावर बोट काढायची नाही, एवढं पोरांना बजावलं. हे धरून खर्च बाटल्यांच्या वर्षभराच्या खर्चाच्या आसपासच जातो.

९ नोव्हेंबर

एजंट आला. लाल प्लगची डबी त्याच्यासमोर ठेवली, मापनळीचे फोटो दाखवले. भांडायला नको म्हणून चहा आधी मागवला. बूस्टर आणि ॲव्हरेजवाल्या बाटल्या खोक्यासकट परत दिल्या. वॉटर रिमूव्हर घेतलंच नाही. क्लीनरची अर्धी पेटी ठेवली, तीही काउंटरवर नाही, आत, आणि गाडी बघितल्याशिवाय द्यायची नाही असं पोराला सांगितलंय. स्टॅबिलायझरच्या थोड्या बाटल्या मेमध्ये मागवायच्या, पत्र्याच्या टाकीच्या जुन्या बाईकवाल्यांसाठी.

"मेस्त्री, तुम्ही धंदा करायचा नाही असंच ठरवलंय," तो म्हणाला. मी त्याच्याकडे नळीचा आणि फिल्टरचा भाव मागितला. कोल्हापूरला बघून सांगतो म्हणाला. बुधवारपर्यंत फोन आला नाही तर कुडाळहूनच उचलायच्या, वायरीच्या आणखी दोन बोटवाल्यांनी विचारलंय.